स्वामी कुवलयानंद

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं गुजराथेंतील डभोई येथें एका मराठी कुटुंबांत झाला. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत त्यांनीं शरीर कमाविलें व माळसरच्या माधवदासजींपाशीं योग शिकले. गुरूवरील श्रद्धेनें त्यांची जिज्ञासा मात्र निजली नाहीं. योगक्रिया चालू असतां शरीरांत काय घडतें, हें त्यांनीं बडोद्याच्या इस्पितळांत क्ष-किरणांनीं पाहिलें. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक काढिलें.

प्राणायामानें प्राणवायु विपुल मिळतो, ही समजूत योगाभ्यासकांसच फार प्रिय होती. साधकांचा उच्छ्वास धरून त्यांनीं तो तपासला, आणि तिला आधार नाहीं असें स्वतःच लिहिलें. स्वपक्षाचें मत खोडावयास केवढी छाती लागते! आतां बिनतारी लहरी छातीवरून परततात, तेव्हां तिच्या किंचित् हालचालीनेंही बदलतात. त्यामुळें देहास न शिवतां श्वास मोजतां येतो. त्यांच्यापाशीं असें साधन असतें, तर त्यांनीं प्रथम त्याचीच परीक्षा घेतली असती, असें आम्हांस वाटतें. १८ एप्रिल १९६६ रोजीं ते निवर्तले. लोणावळ्याचें संशोधन पुढेंही चालू राहिलें.