हॅरॉल्ड ब्लॅक

मुलांनो, लग्नात किंवा सभेत तुम्ही लाउडस्पीकर ऐकला असेल. आवाज फार वाढवला की तो फाटतो आणि शब्द नीट समजत नाहीत. आवाज वाढवणाऱ्या यंत्राला ॲम्प्लिफायर म्हणतात. आवाज वाढताना त्याचे मूळ रूप बिघडते. या दोषाला विकृती म्हणतात. ती कमी करण्याचा मोठा उपाय हॅरॉल्ड ब्लॅक यांनी शोधला.

ब्लॅक यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेतील लेमिन्स्टर या गावी झाला. १९२१ साली अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत लागले. पुढे ते बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. टेलिफोनवरचे बोलणे फार दूर न्यायचे, तर वाटेत ते पुन्हा पुन्हा वाढवावे लागे. प्रत्येक ॲम्प्लिफायर त्यात थोडी विकृती मिसळी. ती साठत जाऊन बोलणे अस्पष्ट होई. ब्लॅक अनेक वर्षे याच प्रश्नाच्या मागे लागले होते.

२ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी ते बोटीने हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर निघाले होते. अचानक त्यांना उत्तर सुचले. हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी आकृती काढली आणि गणिते मांडली.

कल्पना साधी होती. पाठ म्हणताना तुमचा आवाज तुमच्याच कानांवर पडतो. चूक ऐकू येताच तुम्ही ती सुधारता. तसेच येथेही होते. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या विद्युत लहरींचा लहानसा भाग उलटा करून परत आत सोडतात. त्यामुळे विकृती बरीच कमी होते. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

मात्र यात आवाज वाढवण्याची क्षमताही घटते. कष्टाने मिळवलेली क्षमता मुद्दाम का गमवावी, हे अनेकांना पटेना. ब्लॅक यांनी १९२८ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर त्यांनी व सहकाऱ्यांनी असे ॲम्प्लिफायर बनवून, चालवून दाखवले.

१९८३ साली ब्लॅक यांचे निधन झाले. आज महागड्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात दोन आकडे हमखास असतात. एक वॅटचा, म्हणजे शक्तीचा. दुसरा विकृतीच्या टक्केवारीचा. लोक पहिला आकडा पाहतात. तुम्ही दुसराही पाहा. तो ०.०१ इतका लहान असेल, तर त्यामागे बहुधा बोटीवर सुचलेली ती कल्पना असते.