एरंडेलातून उभे राहिलेले साम्राज्य : चार्ल्स वेकफिल्ड

ओसाड गावी एरंड बळी, असे म्हणून आपल्याकडे ज्या झाडाला हिणवले जाते, त्याच एरंडाचे नाव इंजिन ऑइलच्या डब्यांवर जगभर मिरवते आहे. कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या कॅस्टर ऑइल या इंग्रजी नावावरून घडले. ते बाजारात रुजवणारे चार्ल्स चीअर्स वेकफिल्ड मात्र विस्मृतीत गेले आहेत.

वेकफिल्ड यांचा जन्म १२ डिसेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. वंगणाच्या व्यापाराचे धडे त्यांनी व्हॅक्युम ऑइल या कंपनीत नोकरी करताना गिरवले. १८९९ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ती नोकरी सोडून त्यांनी लंडनच्या चीपसाइड भागात सी. सी. वेकफिल्ड अँड कंपनी स्थापन केली. जुन्या कंपनीतील आठ सहकारीही त्यांच्या मागोमाग आले. रेल्वे इंजिने आणि अवजड यंत्रे यांचे वंगण हा आरंभीचा व्यवसाय होता.

पुढे मोटारी आणि विमाने आली. त्यांच्या इंजिनांना थंडीत सुरू होताना पुरेसे वाहते आणि प्रचंड उष्णतेतही दाटपणा टिकवणारे तेल हवे होते. कंपनीने तेलात एरंडेलाचा अंश मिसळून हा प्रश्न सोडवला आणि १९०९ मध्ये कॅस्ट्रॉल हे नाव रूढ केले. १९१० पासून कंपनीचा माल भारतातही येऊ लागला.

तेलाची खरी जाहिरात विक्रमांतूनच होते, हे वेकफिल्ड यांनी अचूक ओळखले होते. एमी जॉन्सन या तरुणीच्या विमानाची निम्मी किंमत त्यांनी दिली, उरलेली तिच्या वडिलांनी. मे १९३० मध्ये ती इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेली. असे करणारी ती पहिली स्त्री. वाटेत इंधन कमी पडल्याने तिला आपल्या झाशीत, लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले होते.

या साहसांची किंमतही मोठी होती. वेकफिल्ड यांच्याच पैशांतून बांधलेल्या मिस इंग्लंड २ या वेगवान नौकेने १३ जून १९३० रोजी विंडरमिअर सरोवरात विक्रम केला. पण त्याच दिवशी ती उलटून चालक हेन्री सीग्रेव्ह यांचा अंत झाला. नौका पुन्हा दुरुस्त झाली आणि विक्रमांची मालिका पुढे चालू राहिली. जोखीम चालकाची आणि लौकिकात वाटा तेलाचा, हा त्या व्यवहाराचा कठोर भाग नाकारता येत नाही.

मिळवलेल्या संपत्तीचा मोठा वाटा मात्र त्यांनी समाजाला परत दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५-१६ मध्ये, ते लंडनचे लॉर्ड मेयर होते. मनोरुग्णांच्या बेथलेम रुग्णालयाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९३४ मध्ये त्यांना व्हायकाउंट ही पदवी मिळाली.

५ जानेवारी १९४१ रोजी एमी जॉन्सन थेम्सच्या मुखाशी मृत्युमुखी पडली. त्यानंतर दहाच दिवसांनी वेकफिल्ड यांनी जगाचा निरोप घेतला. वारस नसल्याने त्यांची पदवीही त्यांच्याबरोबरच संपली. १९६० मध्ये कंपनीने वेकफिल्ड हे नाव बाजूला ठेवून कॅस्ट्रॉल हेच नाव धारण केले. १९६६ मध्ये ती बर्मा ऑइलकडे आणि २००० मध्ये बीपीकडे गेली. मालक बदलले, संस्थापकाचे नाव पुसले गेले. उरला तो एरंड.