आपलाच सिद्धांत खोडणारे सर जॉन एकल्स

महाड-पोलादपूरकडे विंचूदंशाचे रुग्ण नवीन नाहीत. लाल विंचू चावला की दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय आणि पुढे फुफ्फुसात पाणी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांना प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी दिली आणि मृत्यू खूपच घटले. विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून रसायनांचा पूर येतो. ही गोळी त्यातल्या एका रसायनाची जागा अडवते. पण मज्जातंतूचा निरोप रसायन पोचवते, हेच सर जॉन एकल्स यांना कित्येक वर्षे मान्य नव्हते.

एकल्स यांचा जन्म १९०३ साली मेलबर्नचा. तिथेच वैद्यकीय पदवी घेऊन ते ऑक्सफर्डला शेरिंग्टन यांच्या हाताखाली गेले. एका पेशीतून दुसरीत निरोप जातो तो विजेनेच, असे त्यांचे मत. रसायनाला इतका वेग कुठला? हेन्री डेल आणि ओटो लोवी यांना रासायनिक निरोपाच्या शोधासाठी १९३६ साली नोबेल मिळाले, तरी एकल्स हटले नाहीत. सभांमधून डेल यांच्याशी कडाक्याचे वाद होत. पत्रव्यवहार मात्र स्नेहाचा!

न्यूझीलंडमध्ये असताना त्यांची तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशी गाठ पडली. सिद्धांत असा नेमका मांडा की तो खोटा ठरवता येईल, हा पॉपर यांचा आग्रह एकल्स यांनी मनावर घेतला. १९५१ साली ड्युनेडिनला त्यांनी ब्रॉक आणि कूम्ब्स यांच्यासह मांजराच्या मज्जारज्जूतील एकेका पेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी घातली. पेशीला थोपवणारा निरोप आला, तेव्हा आतला विद्युतदाब अपेक्षेच्या नेमका उलट, अधिक ऋण झाला. एकल्स यांनी आपला पक्ष तिथेच सोडला. डॉक्टरमंडळींना हे सहसा जमत नाही.

पुढे त्यांनी रासायनिक सांध्यांवरच काम केले आणि १९६३ साली हॉजकिन व हक्स्ली यांच्यासह नोबेल मिळवले.

गंमत म्हणजे १९५९ साली फर्शपन आणि पॉटर यांनी गोड्या पाण्यातल्या क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्यात खरोखरच विजेने चालणारा सांधा दाखवून दिला होता. पुढे असे सांधे सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही सापडले. तिथे शेजारच्या पेशी बारीक नलिकांनी थेट जोडलेल्या असतात आणि प्रवाह सरळ पलीकडे जातो. हृदयाच्या स्नायूपेशी एका तालात आकुंचन पावतात, त्याही अशाच जोडांमुळे.

एकल्स १९९७ साली स्वित्झर्लंडमध्ये वारले.