साम्याचा हिशेब मागणारा गणिती

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द फारसा समजावून सांगावा लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे, आणि अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या तालुक्यांतील कितीतरी घरांनी हा आजार जवळून पाहिलेला आहे. त्याचे मूळ रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनात असते. या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ठराविक क्रमाने गुंफलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी फक्त सहाव्या स्थानचे आम्ल बदललेले असते. निरोगी आणि सदोष अशा दोन्ही साखळ्या शेजारी मांडून संगणकाला त्यांची तुलना करावयास सांगितली, तर १४६ पैकी १४५ स्थाने जुळतात, साम्य ९९.३ टक्के आहे, असे उत्तर तो देतो. हे उत्तर अचूक आहे. परंतु ज्याने टक्केवारी पाहून कागद मिटला, त्याच्या हातून नेमका आजारच निसटला.

साम्य किती, हे यंत्र सांगते. ते साम्य नात्याचे की योगायोगाचे, आणि उरलेला फरक क्षुल्लक की निर्णायक, हे ठरविण्याची कसोटी मात्र माणसालाच घडवावी लागते. अशा कसोट्या घडविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या भारतीय विद्वानांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ते सर्वपरिचित आहेत. पण त्यांच्या इतिहासलेखनाच्या मुळाशी असलेला गणिती, आणि त्या गणितीने जनुकशास्त्राला दिलेले सूत्र, यांचा परिचय सुशिक्षितांतही थोड्यांनाच असतो.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित होते. घरदार मागे ठेवून बुद्धाच्या शोधात देशोदेशी फिरलेल्या या पित्याला विशुद्धिमार्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने बोलाविले होते. १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर वडिलांबरोबर तेथे गेला. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती समोर ठेवून पाठभेद टिपण्याचे काम त्याच्या घरातच चालत होते. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीची पदवी घेऊन दामोदर हार्वर्डमधून बाहेर पडले आणि त्याच वर्षी मायदेशी परतले.

प्रथम बनारस हिंदू विद्यापीठ, नंतर अलीगढ, आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय अशी त्यांच्या अध्यापनाची वाटचाल झाली. फर्ग्युसनमध्ये त्यांनी सुमारे बारा वर्षे गणित शिकविले. ते कठोर शिक्षक होते, त्यांची जीभ तिखट होती, आणि तडजोड त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांच्या बुद्धीला कोणत्याही एका विषयाचे कुंपण मानवले नाही. संख्याशास्त्र आत्मसात करावयाचे तर ते प्रत्यक्ष प्रश्नावर चालवून पाहिले पाहिजे, या हेतूने त्यांनी एक प्रश्न निवडला. तो होता जुन्या आहत नाण्यांचा.

या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नसते, सन नसतो. असतात ती केवळ ठोकलेली चिन्हे. त्यांचा कालक्रम लावावयाचा कसा? अभ्यासक चिन्हांच्या साम्यावरून तर्क करीत आणि प्रत्येकाचा तर्क निराळा होई. कोसंबींनी तराजू हाती घेतला. नाणे बाजारात फिरते तसे झिजते. जितके अधिक वर्षे फिरले तितके सरासरी वजन घटते आणि त्या गटातील नाण्यांच्या वजनांत परस्पर तफावत वाढते. हा नियम खरा की खोटा, हे तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलून पाहिली. मग तक्षशिलेच्या साठ्यांतील व इतर ठिकाणची हजारो नाणी एकेक करून तोलली आणि झिजेच्या हिशेबाने त्यांचे गट पुढेमागे लावले. चलनाचा व्यवहार हाच त्याच्या इतिहासाचा पुरावा ठरला. १९४० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या लेखांनी नाणकशास्त्राला मोजमापाची शिस्त लावली.

१९४४ मध्ये लंडनच्या अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स या नियतकालिकात त्यांचा अवघ्या चार पानांचा एक निबंध छापून आला. विषय होता गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर. जनुक कोणत्या द्रव्याचा बनलेला असतो याविषयी त्या काळी शास्त्रज्ञांत एकमतही झालेले नव्हते. परंतु आईबापांकडून संततीकडे जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची देवाणघेवाण होते, आणि दोन जनुके एकमेकांपासून जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक वेळा होते, हे ठाऊक होते. ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर काढावे, तर एक अडचण येते. दोन जनुकांच्या दरम्यान दोनदा देवाणघेवाण झाली, तर ती पुन्हा एकत्र आलेली दिसतात आणि मधली घडामोड लपून राहते. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी एक सूत्र दिले होते; पण एका ठिकाणी झालेली देवाणघेवाण शेजारच्या दुसरीला अडथळा करते, ही गोष्ट त्यात धरलेली नव्हती. कोसंबींनी ती धरली. जनुके जवळ असतील तर अडथळा मोठा, दूर असतील तर कमी, असे मानून त्यांनी नवे सूत्र बांधले. ताटातुटीचे प्रमाण ३० टक्के असेल, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४५.८ एकक येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३४.७. पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकांचे नकाशे काढणाऱ्या संगणकीय आज्ञावलींत आजही कोसंबी हे नाव एक पर्याय म्हणून ठेवलेले असते. जे प्रत्यक्ष दिसते ते घडलेल्याचा केवळ एक भाग असते. जे लपले त्याचाही हिशेब ठेवावा लागतो, हा त्या चार पानांचा आशय आहे.

याच वर्षांत त्यांच्या टेबलावर दुसरेही एक काम होते. भर्तृहरीच्या नावावर चालणाऱ्या नीती, शृंगार व वैराग्य या शतकांच्या हस्तलिखितांची तुलना त्यांनी आरंभिली होती. ३७७ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झालेली त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रतीत श्लोकांची संख्या निराळी, क्रम निराळा. कोठे श्लोक गळालेला, कोठे परका श्लोक घुसलेला. सर्व प्रती शेजारी मांडून, गळलेल्या जागी रिकामे घर सोडून, कोणता श्लोक कोठे येतो हे जुळवीत गेल्यावर प्रतींची घराणी दिसू लागली आणि बहुतेक सर्वत्र आढळणारे सुमारे २०० श्लोक वेगळे काढता आले. पाठचिकित्सेतील एक तत्त्व येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दोन प्रतींत शुद्ध पाठ समान असणे फारसे काही सिद्ध करीत नाही, कारण शुद्ध पाठ कोणत्याही प्रतीत उतरू शकतो. परंतु एकाच जागी एकच विचित्र चूक दोन्हींत आढळली, तर त्या दोन्ही एका मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात असा संशय बळावतो. आणि त्या चुकीच्या आजूबाजूचे बारीकसारीक पाठभेदही जुळले, तर संशयाची जागा निश्चिती घेते.

१९४६ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९४८–४९ मध्ये युनेस्कोची अभ्यासवृत्ती घेऊन गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी त्यांनी इंग्लंड व अमेरिकेचा दौरा केला. भारतात संगणक हा शब्दही रुळलेला नसताना या यंत्रांची तत्त्वे पाहून आलेल्या मोजक्या भारतीयांत त्यांची गणना करावी लागेल. पुढे ते पुण्यात राहून दख्खनच्या राणीने मुंबईला जात. सुटीच्या दिवशी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी, ग्रामदेवतांची ठाणी पायी धुंडाळीत. त्यातूनच १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ निघाला.

या जीवनचरित्रात एक दुखरे पानही आहे. मूळ संख्यांच्या वितरणाविषयीचा रीमान यांचा सिद्धांत हा गणितातील अतिशय कठीण प्रश्नांपैकी एक मानला जातो. १९५९ मध्ये, तेही कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात, कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने त्याच्या सिद्धतेचा दावा केला. तो दावा टिकला नाही. संभाव्य असणे आणि सिद्ध होणे यांतली दरी त्यांना ओलांडता आली नाही. टीका झाली, उपहास झाला, आणि संस्थेशी आधीच ताणलेले त्यांचे संबंध अधिक बिघडले. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी उघडपणे केलेला पुरस्कारही त्या वातावरणात रुचणारा नव्हता. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला. ज्याने आयुष्यभर इतरांच्या अनुमानांना पुराव्याचे माप लावले, त्याच्याच अनुमानाला गणिताने तेच माप लावले. यातून त्यांच्या इतर कामाचे मोल कमी होत नाही. कसोटी कोणाचीही भीड ठेवीत नाही, एवढेच त्यातून दिसते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५९ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले.

जैविक साखळ्यांची पद्धतशीर जुळवणी करण्याचे शास्त्र त्यांच्यामागे वाढले. १९७० मध्ये नीडलमन व वुन्श यांनी, १९८१ मध्ये स्मिथ व वॉटरमन यांनी जुळवणीच्या गणिती रीती मांडल्या. १९९० मध्ये ब्लास्ट ही शोध-आज्ञावली आली आणि एखादी साखळी जगभरच्या भांडारात शोधणे काही क्षणांचे काम झाले. या शास्त्राच्या उभारणीत कोसंबींचा प्रत्यक्ष वाटा नाही. पण त्यातील प्रश्न त्यांचेच आहेत. ब्लास्टचा निकाल कोष्टकाच्या रूपात मागविला, तर प्रत्येक ओळीत बारा रकाने येतात: दोन्ही साखळ्यांची नावे, साम्याची टक्केवारी, जुळलेल्या भागाची लांबी, विसंगत अक्षरे, रिकाम्या जागा, आरंभ-शेवटाची चार स्थाने, योगायोगाची अपेक्षित संख्या आणि गुणांक. अशा हजारो ओळी डोळ्यांनी वाचणे अशक्य. म्हणून छोटी आज्ञावली लिहून त्या चाळाव्या लागतात. खरी जोखीम येथेच आहे.

बारापैकी बारा अक्षरे जुळली तर साम्य शंभर टक्के दिसते. पण डीएनएची चारच अक्षरे असल्याने बारा अक्षरांचे सुमारे १ कोटी ६८ लाख क्रम संभवतात. शंभर कोटी अक्षरांच्या भांडारात असा कोणताही क्रम केवळ योगायोगाने साठेक वेळा सापडावा. अपेक्षित संख्येचा रकाना हेच सांगतो, आणि भांडार हजारपट मोठे झाले की तीच जुळणी हजारपट कमी विश्वासार्ह होते. तेव्हा ही संख्या पाहताना कोणत्या भांडारात शोधले, हेही पाहिले पाहिजे. दुसरा धोका लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा. दशांशचिन्हापुढे ४९ शून्ये आणि मग ९, अशी संख्या यंत्र ‘९ई-५०’ या संक्षेपाने छापते. आज्ञावलीने तिचे संख्येत रूपांतर न करता ती नुसती अक्षरे म्हणून ताडून पाहिली, तर आरंभीच्या ९ मुळे ती ०.००१ पेक्षा मोठी ठरते आणि सर्वांत भक्कम पुरावा टोपलीत जातो. तिसरा धोका मोजणीचा. एकच साखळी तीन तुकड्यांत जुळली तर तीन ओळी येतात. ओळी मोजणारा एका नातलगाचे तीन करतो.

ही चर्चा नंदुरबारसाठी केवळ पुस्तकी नाही. भारतातील सिकलसेलचा दोष आफ्रिकेतील दोषाहून स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असे १९८० च्या दशकातील संशोधनाने सुचविले होते. कारण दोषस्थानाच्या आजूबाजूच्या खुणा भिन्न होत्या. २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेवरून त्याचा उगम एकच असल्याचे प्रतिपादन झाले. समान चुकीभोवतीचे पाठभेद वाचण्याचाच हा प्रश्न आहे, आणि नवा पुरावा आला की जुना निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणीच्या यादीत वाहक आणि रुग्ण यांचे रकाने वेगळे असतात. एकच सदोष जनुक असलेला वाहक सर्वसाधारणपणे निरोगी जीवन जगतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला मात्र चारांत एक या प्रमाणात आजाराचा संभव असतो. हा भेद न वाचता नावापुढे शिक्का मारला गेला, तर एखाद्या मुलीचे लग्न मोडते, एखाद्या पाड्याचे नाव बदनाम होते. यादी वाचणारा शिक्षक असो, कारकून असो की आज्ञावली लिहिणारा विद्यार्थी असो, त्याची जबाबदारी तेथे सुरू होते.

ब्लास्टसारखी साधने आणि जगातील साखळ्यांची भांडारे आज कोणालाही विनामूल्य खुली आहेत. हजारो नाणी तोलण्यास कोसंबींना वर्षे लागली. तेवढ्या ओळी आज एका तासात चाळता येतात. वेळ वाचला तो आणखी ओळी जमविण्यात न घालविता, प्रत्येक रकाना कशाचे माप आहे आणि त्यात काय लपले आहे, हे समजून घेण्यात घालविला पाहिजे. आपल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना एवढी सवय लावली, तरी कोसंबींच्या वारशाचा मोठा भाग त्यांच्या पदरी पडेल.