शाळेला अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

मुळशी तालुक्यातील लवळे येथील टेकडीवर आज विद्यापीठांच्या भव्य वास्तू उभ्या आहेत. परंतु लवळ्यासारख्या गावातील मुलाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा होतो तो अंगणवाडीत. हाक मारल्यावर न वळणारे, सवंगड्यांत न मिसळणारे, तीन वर्षांचे होऊनही न बोलणारे मूल घराबाहेर प्रथम कोणाच्या नजरेस पडत असेल, तर ते अंगणवाडी सेविकेच्या. ही अंगणवाडी ज्यांच्या कार्यातून जन्मास आली, त्या ताराबाई मोडक यांचे स्मरण स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना अगत्याचे ठरते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने सुधारणेचे संस्कार त्यांना घरातच लाभले. मुंबई विद्यापीठातून १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्या काळी हे पाऊल उचलण्यास मोठे धैर्य लागत होते. पुढे त्यांनी राजकोट येथील महिला अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले.

पद प्रतिष्ठेचे होते, वेतनही चांगले होते. मात्र भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिरात चालविलेला प्रयोग ताराबाईंना खुणावत होता. १९२३ मध्ये नोकरी सोडून त्या गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. छडी आणि घोकंपट्टी यांना तेथे थारा नव्हता. मुलाने आपल्या गतीने, हातांनी आणि डोळ्यांनी शिकावे, या मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारावर ते बालमंदिर उभे होते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मॉन्टेसरी यांनी आपल्या शिक्षणविचाराची सुरुवात रोममधील मतिमंद ठरविल्या गेलेल्या मुलांमध्ये काम करून केली होती. ज्यांना शाळेने नाकारले, त्यांच्यासाठी शोधलेली रीत पुढे सर्वच मुलांच्या उपयोगी पडली.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मराठी 'शिक्षणपत्रिके'तून ताराबाईंनी पालक आणि शिक्षक यांना बालशिक्षणाची नवी दृष्टी दिली. दादरला १९३६ मध्ये शिशुविहार सुरू झाले. मध्यमवर्गीय घरांत बालमंदिराचे महत्त्व पटू लागले होते. तथापि हे शिक्षण शहरातील सुस्थित मुलांपुरतेच राहणार काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ याच ठिकाणी त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. अशा वेळी मुलांना वा त्यांच्या आईवडिलांना दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी दोष शाळेच्या रचनेत शोधला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या आणि घरापुढच्या अंगणातच वर्ग भरू लागला. तीच अंगणवाडी. परदेशी धर्तीच्या महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, बिया, पाने अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हाती आल्या.

पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये रुजले. तेथील मुले गुरे चारावयास जात, तर मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. त्यावर ताराबाईंनी दोन उपाय योजले. शिक्षक गुरांमागे कुरणात जाऊ लागला, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, ती विकासवाडी. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून ताईला वर्गात बसता येऊ लागले. १९६२ मध्ये पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

ताराबाईंनी स्वमग्न मुलांसाठी वेगळे कार्य केले, असा दावा येथे नाही. लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन १९४३ मध्ये अमेरिकेत केले. आपल्याकडे ती सर्वसामान्यांना माहीत होण्यास आणखी कित्येक वर्षे जावी लागली. मात्र ताराबाईंनी विचारलेला प्रश्न आजही तोच आहे. मूल वर्गात का टिकत नाही? स्वमग्न मुलाच्या बाबतीत अडचण गुरे चारण्याची नसते. वर्गातील गोंगाट, अचानक वाजणारी घंटा, न सांगता बदललेले वेळापत्रक किंवा केवळ तोंडी दिलेल्या सूचना ही त्याची अडचण असू शकते. चित्रांचे वेळापत्रक, शांत कोपरा, बदलाची आगाऊ कल्पना आणि समजून घेणारे शिक्षक लाभले, तर अनेक मुलांची वाट सुकर होते. काहींना त्याहून अधिक आधार लागतो, आणि तो देणे हेही शाळेचेच काम आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात स्वमग्नतेचा समावेश असून सर्वसमावेशक शिक्षण हा मुलांचा हक्क ठरला आहे. २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही केंद्राने जाहीर केली. परंतु पोषण आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरण आणि सर्वेक्षणे यांच्या भाराखाली असलेल्या सेविकेला प्रशिक्षण आणि सवड मिळाली नाही, तर ही कार्यपद्धती कागदावरच राहील. 'तुमचे मूल आमच्या शाळेत बसणार नाही' हे उत्तर आजही अनेक आईवडिलांना ऐकावे लागते. बोर्डीच्या अंगणात ताराबाईंनी हे उत्तर नाकारले होते. त्यांच्या नावाचा गौरव करताना आपणही ते नाकारावयास हवे.