सर अर्नेस्ट शॅकल्टन व त्यांचे सत्तावीस सोबती

आपला पक्ष जिंकत असतां एकजूट राखणें फारसें कठीण नसतें. परंतु हार डोळ्यांपुढें दिसूं लागली, अंगांतलें बळ सरलें आणि एकमेकांवर दोष ढकलण्याचा मोह अनावर झाला, म्हणजे कोणत्याहि संघाची खरी परीक्षा सुरू होते. अशी परीक्षा ज्यांनीं जवळजवळ दोन वर्षें बर्फांत राहून दिली, त्या अठ्ठावीस माणसांच्या नायकाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. या नायकानें ज्या मोठ्या कार्यासाठीं घर सोडलें, तें कार्य त्याच्या हातून झालें नाहीं, हें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. असें असूनहि त्याचें नांव जगांत आदरानें कां घेतलें जातें, हेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

अर्नेस्ट हेन्री शॅकल्टन यांचा जन्म आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यांत ता. १५ फेब्रुवारी १८७४ रोजीं झाला. त्यांचे वडील आधीं शेती करीत. पुढें त्यांनीं डब्लिन येथें वैद्यकीचें शिक्षण घेतलें व १८८४ सालीं कुटुंबासह ते लंडनजवळ येऊन राहिले. मुलानेंहि डॉक्टर व्हावें अशी वडिलांची इच्छा होती. पण डलिच येथील शाळेंत अर्नेस्टचें मन रमेना. सोळाव्या वर्षीं ते शिडाच्या व्यापारी जहाजावर उमेदवार म्हणून दाखल झाले व १८९८ सालीं कप्तानाची परीक्षा उतरले. नाना जातींच्या खलाशांत दिवस काढल्यामुळें माणूस ओळखण्याची व त्याच्याशीं मिळून वागण्याची जी विद्या त्यांना लाभली, ती जन्मभर उपयोगीं पडली.

सन १९०१ मध्यें कप्तान स्कॉट यांची मोहीम डिस्कव्हरी जहाजांतून दक्षिणध्रुवाच्या प्रदेशाकडे निघाली. तींत शॅकल्टन यांस जागा मिळाली. स्कॉट, डॉक्टर विल्सन व शॅकल्टन हे तिघे १९०२ च्या डिसेंबरअखेर दक्षिण अक्षांश ८२ अंश १७ कलांपर्यंत पोंचले. इतक्या दक्षिणेस तोंवर कोणीहि गेलें नव्हतें. परंतु परततांना त्यांचे फार हाल झाले. कुत्रे जोडून बर्फावरील गाड्या हांकण्याची कला त्यांना नीट अवगत नव्हती. अन्न अपुरें पडलें. आणि ताज्या अन्नाच्या अभावीं होणारा स्कर्व्ही नांवाचा रोग तिघांनाहि जडला. शॅकल्टन यांच्या तर खोकल्याबरोबर रक्त पडूं लागलें. १९०३ सालीं स्कॉट यांनीं त्यांना प्रकृतीच्या कारणावरून मायदेशीं परत पाठविलें. महत्त्वाकांक्षी तरुणाला हें फार लागलें. आजारी व थकलेल्या सोबत्याच्या मनांत काय चाललेलें असतें, याचा अनुभव मात्र त्यांना मिळाला.

पुढें १९०७ सालीं निम्रॉड जहाजांतून त्यांनीं स्वतःची मोहीम नेली. ता. ९ जानेवारी १९०९ रोजीं ते व त्यांचे तीन सोबती ध्रुवापासून केवळ ९७ सागरी मैलांवर येऊन ठेपले. आणखी कांहीं दिवस चालले असते तर जगांतील पहिला मान त्यांचाच होता. पण शिल्लक अन्नाचा हिशेब त्यांनीं केला आणि ध्रुव गांठला तर परत जिवंत येणें नाहीं, हें ओळखून ते मागें फिरले. परतीच्या वाटेवर फ्रँक वाइल्ड हा सोबती आजारानें व भुकेनें खचला असतां शॅकल्टन यांनीं आपल्या वाट्याचें एकुलतें एक बिस्कीट आग्रहानें त्याला खाऊं घातलें. वाइल्ड तें जन्मभर विसरला नाहीं. चौघेहि जिवंत परतले. इंग्लंडच्या राजानें शॅकल्टन यांस सर ही पदवी दिली. ध्रुव गांठण्याचा मान पुढें ता. १४ डिसेंबर १९११ रोजीं नॉर्वेच्या आमुंडसेन यांनीं मिळविला. स्कॉट यांचा संघ महिन्याभरानें तेथें पोंचला, पण त्यांतील पांचहि जण परततांना मरण पावले.

ध्रुव गांठला गेला, आतां अंटार्क्टिका खंड या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत ओलांडावें, असा बेत शॅकल्टन यांनीं केला. सुमारें १८०० मैलांचा तो प्रवास होता. त्यांचें एंड्युरन्स जहाज ता. ८ ऑगस्ट १९१४ रोजीं प्लिमथ बंदरांतून सुटलें. नुकतेंच महायुद्ध पेटलें होतें. शॅकल्टन यांनीं आपलीं जहाजें व माणसें सरकारला देऊं केलीं, परंतु मोहीम चालूं ठेवावी असा हुकूम आला. जहाजावर खलाशी होते, दोन डॉक्टर होते, शास्त्रज्ञ, चित्रकार, छायाचित्रकार व सुतार होते. आणि चोरून लपून बसलेला ब्लॅकबरो नांवाचा एक पोरहि होता. शास्त्रज्ञ असो वा खलाशी, प्रत्येकानें आपल्या पाळीला फरशी धुतली पाहिजे, असा नियम होता. कामानें अंग मळलें म्हणजे मोठेपणाचा ताठा राहत नाहीं, हें त्यांतलें मर्म.

साउथ जॉर्जिया बेट सोडल्यावर दीड महिन्यांतच, १९१५ च्या जानेवारींत, वेडेल समुद्रांत जहाज बर्फांत पक्कें अडकलें. किनारा एका दिवसाच्या वाटेवर राहिला होता. हिंवाळा आला, कित्येक आठवडे सूर्य उगवेना. अशा वेळीं रिकामें मन हा थंडीहून मोठा शत्रु असतो. शॅकल्टन यांनीं जेवणाच्या, निजण्याच्या व पहाऱ्याच्या वेळा ठरवून दिल्या. कुत्र्यांचे गट पाडून एकेक गट एकेका माणसाच्या हवालीं केला व त्यांच्या शर्यती लावल्या. बर्फावर फुटबॉल खेळविला. रात्रीं गाणीं व नकला करविल्या. सील व पेंग्विन यांचें ताजें मांस सर्वांना खाऊं घातलें, त्यामुळें १९०२ चा तो रोग या संघांत शिरला नाहीं. जुन्या दुःखांतून शिकलेला धडा असा कामास आला.

बर्फाच्या दाबानें अखेर जहाजाच्या फळ्या फुटूं लागल्या. ता. २७ ऑक्टोबर १९१५ रोजीं सर्वांनीं जहाज सोडलें व ता. २१ नोव्हेंबर रोजीं तें बुडालें. जहाज गेलें त्याच वेळीं शॅकल्टन यांनीं खंड ओलांडण्याचा विचार मनांतून पार काढून टाकला व सर्वांना घरीं नेणें हेंच आतां आपलें काम, असें सोबत्यांना शांतपणें सांगितलें. प्रत्येकानें खाजगी सामान फक्त दोन रत्तल ठेवावें असें ठरलें. शॅकल्टन यांनीं स्वतःजवळच्या सोन्याच्या मोहोरा सर्वांदेखत बर्फावर फेकल्या. मात्र हसी नांवाच्या सोबत्याचें बँजो हें वजनदार वाद्य त्यांनीं मुद्दाम बरोबर घेतलें, कारण तें मनाचें औषध होतें. निजण्याच्या उबदार कातडी पिशव्या सर्वांना पुरण्याजोग्या नव्हत्या, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. शॅकल्टन व बहुतेक अधिकारी यांच्या वांट्याला हलक्या लोकरी पिशव्या आल्या. हा योगायोग नव्हे, हें खलाशांनीं ओळखलें. कुरकुऱ्या व तापट माणसांना तर शॅकल्टन स्वतःच्याच तंबूंत घेत.

त्यांच्या हातून चुकाहि झाल्या. होड्या गाड्यांवर चढवून बर्फावरून ओढीत नेण्याचा यत्न त्यांनीं दोनदां केला व दोन्ही वेळां तो सोडावा लागला. दुसऱ्या खेपेस मॅक्निश नांवाच्या सुतारानें पुढें जाण्यास साफ नकार दिला. त्याची लाडकी मांजर अन्नाच्या टंचाईमुळें मारण्यांत आली होती, तें दुःखहि त्याच्या मनांत होतें. शॅकल्टन यांनीं सर्वांना जमवून करारनामा वाचून दाखविला व जहाज बुडालें तरी बंदर लागेपर्यंत पगार चालूं राहील असें सांगितलें. बंड तेथेंच शमलें. पण थोड्याच दिवसांत पुढची वाट खरोखर अशक्य आहे असें दिसतांच त्यांनीं हट्ट धरला नाहीं. मुक्काम ठोकला व बर्फ फुटण्याची वाट पाहिली.

ता. ९ एप्रिल १९१६ रोजीं तीन होड्या पाण्यांत लोटल्या. एका सोबत्याचे हातमोजे हरवले तेव्हां शॅकल्टन यांनीं आपले काढून दिले व स्वतःचें बोट हिमदंशानें दुखावून घेतलें. ता. १५ रोजीं सारे एलिफंट बेटास लागले. पायाखालीं घट्ट जमीन आली, ती ४९७ दिवसांनीं! पण त्या उजाड बेटाकडे कोणतेंहि जहाज फिरकण्याचा संभव नव्हता. तेव्हां जेम्स केअर्ड या साडेबावीस फूट लांबीच्या होडींतून सुमारें ८०० मैल दूर असलेल्या साउथ जॉर्जियाला जाण्याचें शॅकल्टन यांनीं ठरविलें. गाड्यांच्या पट्ट्या, खोक्यांच्या फळ्या व कॅनव्हास यांचें छप्पर त्या होडीवर कोणी बसविलें? त्याच बंडखोर सुतारानें. शॅकल्टन यांनीं त्यालाहि बरोबर घेतलें. त्याचें कसब हवें होतें, आणि त्याची कुरकूर मागें राहणाऱ्यांत पसरूं नये असाहि हेतु होता.

ता. २४ एप्रिल रोजीं सहा जण निघाले. वर्स्ली यांनीं ढगांच्या फटींतून चारच वेळां सूर्य पाहिला व तेवढ्यावर मार्ग काढला. होडीवर चढलेला बर्फ न फोडावा तर होडी बुडावी, अशी स्थिति होती. कोणी एक जण फार कुडकुडूं लागला कीं शॅकल्टन सर्वांसाठींच ऊन दूध करवीत, म्हणजे दुबळ्याला आपला दुबळेपणा जाणवूं नये. ता. १० मे रोजीं ते बेटाला लागले, पण माणसांची वस्ती पलीकडच्या किनाऱ्यावर होती व मध्यें कोणीहि न ओलांडलेले बर्फाचे डोंगर होते. अशक्त दोघे व त्यांची शुश्रूषा करण्यास एक असे तिघे मागें ठेवून शॅकल्टन, वर्स्ली व क्रीन बुटांच्या तळव्यांना होडीचे स्क्रू ठोकून निघाले. वाटेंत दोघांना झोंप लागली. झोंप म्हणजे मरण, म्हणून शॅकल्टन एकटे जागे राहिले. पांचच मिनिटांनीं त्यांना उठवून अर्धा तास झोंप झाली असें त्यांनीं सांगितलें, आणि तेवढ्यानें दोघे ताजे झाले. छत्तीस तास चालून ता. २० मे रोजीं ते स्ट्रॉमनेस येथील देवमाशांच्या कारखान्यावर पोंचले.

इकडे एलिफंट बेटावर बावीस माणसें दोन उपड्या होड्यांच्या खालीं राहत होतीं. ब्लॅकबरोच्या पायाचीं हिमदंशानें कुजलेलीं बोटें डॉक्टरांनीं तेथेंच कापलीं. नायक होते तेच वाइल्ड, ज्यांना एके काळीं तें बिस्कीट मिळालें होतें. शॅकल्टन कदाचित् आजच येतील, सामान बांधून ठेवा, असें ते रोज सकाळीं सांगत. तीन जहाजांचे यत्न बर्फामुळें फसले. चौथ्या खेपेस चिली देशाच्या येल्चो या लहान आगबोटींतून ता. ३० ऑगस्ट १९१६ रोजीं शॅकल्टन आले. बावीसच्या बावीस जिवंत होते.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. खंडाच्या दुसऱ्या बाजूस, रॉस समुद्राकडे, याच मोहिमेची दुसरी तुकडी अन्नाचे सांठे पेरण्यास गेली होती. तिची तयारी घाईची व अपुरी होती. न येणाऱ्या सोबत्यांसाठीं तिनें सांठे पेरले आणि तिच्यांतील तीन जणांस प्राण गमवावे लागले. नायकाची नजर जेथें रोज होती तेथें एकहि माणूस दगावला नाहीं. जेथें ती पोंचली नाहीं तेथें ही हानि झाली. तसेंच मॅक्निशचें कसब सर्वांच्या उपयोगीं पडलें असतांहि, शॅकल्टन यांनीं त्याच्यासह चौघांची शिफारस न केल्यामुळें त्यांना ध्रुवपदक मिळालें नाहीं. थोरांच्या चरित्रांतहि अशा उणीवा असतात. त्या झांकून ठेवण्यांत थोरांचा मान वाढत नाहीं.

सन १९२१ मध्यें शॅकल्टन पुन्हां दक्षिणेस निघाले, तेव्हां जुन्या सोबत्यांपैकीं कित्येक आपण होऊन बरोबर आले. ता. ५ जानेवारी १९२२ रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, साउथ जॉर्जिया येथें हृदयविकारानें त्यांचा अंत झाला व पत्नीच्या इच्छेनें तेथेंच त्यांना पुरण्यांत आलें. पुढें २०११ सालीं वाइल्ड यांची रक्षा आणून त्यांच्या थडग्याशेजारीं ठेवण्यांत आली. आणि २०२२ च्या मार्चमध्यें एंड्युरन्स जहाज वेडेल समुद्राच्या तळाशीं, सुमारें ३००० मीटर खोल, जवळजवळ अखंड असें सांपडलें.

विद्यार्थिमित्रांनो, हें चरित्र वाचून ध्रुवाकडे जाण्याची गरज नाहीं. योजिलेलें कार्य फसलें तर रडत न बसतां त्या घडीला जें खरें कर्तव्य असेल तें ओळखावें. नित्यक्रम मोडूं देऊं नये. दुबळ्याला साह्य करावें, पण त्याला लाज वाटूं देऊं नये. आणि चुकीची वाट चुकीची दिसतांच सोडावी, एवढें शिकलें तरी पुष्कळ झालें. पालकांनाहि आमची एक विनंति आहे. मुलगा वा मुलगी अपयश घेऊन घरीं आली तर किती गुण पडले हें विचारण्याआधीं, त्या अपयशांतून ती काय शिकली हें विचारावें. अपयशाचे दोन धडे नीट शिकलेल्या एका माणसाच्या हातून सत्तावीस जणांचे प्राण वांचले, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.