बालगंधर्व आणि त्यांचे साथीदार

महाराष्ट्रात नाट्यसंगीताचा विषय निघताच जे नाव प्रथम मुखी येते, ते बालगंधर्वांचे होय. त्यांचे मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले व तेच नाव जन्मभर राहिले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि नायिकांच्या भूमिका करू लागले.

१२ मार्च १९११ हा दिवस त्यांच्या कसोटीचा ठरला. मुंबईस 'मानापमाना'चा पहिला प्रयोग व्हावयाचा होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी दुःख गिळले व भामिनीची भूमिका पार पाडली. पुढे १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. १९१६ च्या 'स्वयंवरा'तील भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी नाट्यसंगीताला रागदारीचे वैभव आणले.

या गायनामागे तीन वाद्ये उभी असत. हरिभाऊ देशपांडे ऑर्गन, कादरबक्ष सारंगी आणि अहमदजान थिरकवा तबला वाजवीत. ऑर्गन सुराचा आधार देई, सारंगी गळ्यामागून सावलीसारखी चाले आणि तबला गायकाला समेवर आणून सोडी. पाश्चात्य संगीतातही बीथोव्हेनने १८०४ च्या सुमारास पियानो, व्हायोलिन व चेलो या तिघांना मोठ्या वाद्यवृंदासमोर बसविणारी एक रचना केली आहे. तेथे तिघेही पुढे येऊन बोलतात; येथे तिघे मिळून एका कंठाला उठाव देतात. दोन्हीकडे नियम एकच: दुसऱ्याचे ऐकल्यावाचून आपले वाजविता येत नाही.

रंगभूमीवर वन्समोअर मिळाला की एकेक पद बराच वेळ रंगे. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू मात्र सुमारे तीन मिनिटांत संपे. तेवढ्यात मुखडा, आलाप, तान आणि पुन्हा सम हे सर्व साधावे लागे. आरंभीच्या काळात ध्वनिमुद्रण विजेवाचून होई. गायक कर्ण्यासमोर उभा राही आणि आवाजाने मोठी असलेली वाद्ये दूर ठेवावी लागत. अशा बंधनातही गाण्याची गोडी उणावली नाही, आणि नाटकगृहापासून दूर असलेल्या सोनईसारख्या गावीही ते गाणे पोहोचण्याची वाट खुली झाली.

भरजरी शालू, अत्तरे व भव्य पडदे यांवर बालगंधर्वांनी सढळ हाताने खर्च केला. १९२१ साली मंडळी कर्जात बुडाल्याचे उघड झाले. तेव्हा त्यांनी ते ओझे स्वतःच्या शिरावर घेतले आणि वर्षानुवर्षे प्रयोग करून देणे फेडले. व्यवहारात ते चुकले असतील; परंतु शब्दाला जागले, हे विसरता येत नाही. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले व १५ जुलै १९६७ रोजी त्यांनी पुण्यास देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, जुनी तबकडी ऐकण्याचा योग आला, तर एकदा गाणे ऐका आणि दुसऱ्यांदा केवळ साथ ऐका. ज्यांची नावे तबकडीवर क्वचितच छापली जात, त्यांच्या हातांनी तो सूर किती जपून पुढे नेला आहे, हे आपल्या कानांनाच कळेल.